हौशी वेबकॉमिक तपासताना: आधी फोन, मग फुगे, मग हात-पाय

हौशी वेबकॉमिकवर, म्हणजे इंटरनेटवर टाकलेल्या चित्रकथेवर, अभिप्राय मागितला की बहुतेकांची नजर थेट हातांच्या बोटांवर जाते. बोटं वाकडी, मान जाड, नाक एका चौकटीत लहान तर पुढच्या चौकटीत मोठं. हे दोष खरे असतात आणि सापडायला सोपे असतात, म्हणून तेच लिहिले जातात. पण वाचक मधेच सोडून जातो तो बोटांमुळे क्वचितच. संवादाचे फुगे कोणत्या क्रमाने वाचायचे ते त्याला कळलेलं नसतं, किंवा ज्या वस्तूवर विनोद उभा आहे ती त्याला दिसलेलीच नसते. मग तो म्हणतो, “जोक काही जमला नाही.” जोक बरेचदा ठीकच असतो. उलटही होतं. चित्र ‘ताठ’ वाटतं आणि खरी भानगड संवादात निघते, कारण आठ ओळींच्या फुग्याने पात्राला हलायला जागाच ठेवलेली नसते. दोष जिथे जाणवतो तिथेच तो असतो असं नाही, आणि तपासणीतला बराचसा वेळ या शोधातच जातो.

पहिलं वाचन मी फोनवर करते, एका दमात, हातात पेन न घेता. कॉमिक बनवणारा मोठ्या पडद्यावर, चित्र चौपट मोठं करून काम करत असतो. वाचणारा ते तळहाताएवढ्या पडद्यावर बघतो. या वाचनात तीनच गोष्टी लक्षात ठेवायच्या: कुठे हसू आलं, कुठे परत वर जावं लागलं आणि कुठे नुसतं पुढे सरकवलं. कारणं आत्ता शोधायची नाहीत. दुसऱ्या वाचनाला कॉमिक माहितीचं झालेलं असतं, त्यामुळे ही कच्ची प्रतिक्रिया पुन्हा मिळत नाही.

किती भाग वाचायचे? सुरुवातीचे तीन, मधले चार-पाच आणि अगदी ताजे तीन-चार पुरतात. पण अभिप्राय द्यायचा तो ताज्या भागांवर. पहिल्या भागातली चित्रकला कच्ची असणारच आणि ती कच्ची आहे हे काढणाऱ्याला तुमच्याआधी ठाऊक असतं. जुने भाग बघायचे ते सवयी ओळखायला. जो दोष पहिल्या भागात होता आणि आजही तसाच आहे, तो दोष महत्त्वाचा. आणि वाचायच्या आधी एक प्रश्न विचारून घ्यायचा: हे नियमित चालवायचं आहे की हौस म्हणून? आठवड्याला दोन भाग देणाऱ्याला ‘प्रत्येक चौकटीत पूर्ण बॅकग्राउंड काढा’ असं सांगितलं तर महिनाभरात कॉमिक बंद पडेल.

दुसऱ्या वाचनात दोन चाचण्या. आधी फुगे झाकून नुसती चित्रं बघायची. कोण कुणावर चिडलंय, कोण लपवाछपवी करतंय, एवढं तरी कळायला हवं. मग चित्रं झाकून नुसता संवाद वाचायचा. विनोद शंभर टक्के शाबूत राहिला तर चित्रं फुकट गेली. तो मजकूर दोन बोलक्या मुंडक्यांशिवायही चालला असता. काहीच कळलं नाही तर तेही तपासायचं, पण त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, तो बहुधा चित्रातला विनोद असतो. उत्तम चित्रपट्टीत दोन्ही चाचण्यांत काहीतरी अपुरं राहतं.

आता एक पट्टी जवळून बघू. ही उदाहरणासाठी रचलेली आहे, पण यातला एकूण एक दोष रोजचा आहे. दोन पात्रं, भाडेकरू आणि भूत. चार चौकटी, दोनावर दोन.

पहिल्या चौकटीत डावीकडे भाडेकरू, उजवीकडे भूत, दोघंही छातीपर्यंतच. भूत म्हणतं, “हाहाहा! मी या घरात गेली दोनशे वर्षं राहतो आहे!” दुसरीत दोघांनी बाजू बदललेल्या. भाडेकरू: “दोनशे वर्षं? मग भाडं किती थकलंय तुझं?” तिसरीत भूत: “अं… ते… म्हणजे… असं बघ…” कपाळावर घामाचे तीन थेंब, डोक्यावर प्रश्नचिन्ह. चौथीत लालभडक अक्षरांत ‘टक टक’. खाली उजव्या कोपऱ्यात पलंगाखालून भूत: “मालकाला सांगू नकोस मी इथे आहे म्हणून!” वर डावीकडे भाडेकरू, एक भुवई उंचावून: “अरे वा, भुतंसुद्धा मालकाला घाबरतात तर! हाहाहा!”

विनोदाचं बीज एका वाक्यात सांगता येतं का, हे आधी बघायचं. येतं: घाबरवायला आलेल्यालाच घरमालकाची भीती. बीज चांगलं आहे. ते सांगता आलं नसतं तर पुढचं सगळं सोडून संहितेवरच बोलावं लागलं असतं. मग पट्टी पडते कशामुळे?

सगळ्यात मोठं कारण चौथ्या चौकटीतल्या फुग्यांची जागा. आपण डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वाचतो. भूत आधी बोलतं, पण त्याचा फुगा खाली उजवीकडे आहे. भाडेकरूचा वर डावीकडे. म्हणजे वाचक आधी स्पष्टीकरण वाचतो, मग जोक. याला ‘विनोद कमजोर’ म्हणणं अन्याय आहे. ही मांडणीची चूक आहे, आणि ती जवळजवळ नेहमी एकाच सवयीतून येते: आधी चित्र पूर्ण करायचं आणि उरलेल्या जागेत फुगे कोंबायचे. फुगे कच्च्या स्केचमध्येच, माणसांच्याही आधी टाकायला हवेत. आधी बोलणारा डावीकडे किंवा वर, आणि पात्रं त्या हिशेबाने उभी करायची.

दुसरं, तो शेवटचा फुगा मुळात हवाच कशाला? इथे अंगठ्याची चाचणी कामी येते. शेवटचा फुगा अंगठ्याने झाकायचा आणि पट्टी पुन्हा वाचायची. झाकल्यावर जास्त हसू आलं तर तो फुगा काढून टाकायचा. हौशी कॉमिकमध्ये ही चाचणी इतक्या वेळा लागू पडते की मी ती कुठलाही भाग न बघताच सुचवायला तयार आहे. वाचकाने जोड जुळवायची असते. पात्राने ती जुळवून दिली की वाचकाला करायला काही उरत नाही. ‘हाहाहा’ तर त्याहून वाईट. आपल्याच जोकला हसणारं पात्र, वर चढवलेली ती एक भुवई, तिरकं हसू, या सगळ्याचा अर्थ लेखकाला जोकवर भरवसा नाही असा होतो. दोन पात्रांपैकी निदान एकाला तरी आपण विनोदात आहोत हे ठाऊक नसावं. इथे भाडेकरू अगदी निर्विकार, पुस्तकातून मानही न उचलता विचारतोय, “भाडं भरलंस?” असं केलं तर भूत आपोआप केविलवाणं दिसेल.

तिसरी चौकट ही थांबण्याची चौकट आहे आणि लेखकाला ते आतून कळलेलंही आहे, पण त्याने ती आवाजाने भरली. चाचपडणारे शब्द, घाम, प्रश्नचिन्ह: एकाच भावनेची तीन-तीन चिन्हं. इथे काहीच बोलायचं नाही. दुसऱ्या चौकटीतलं चित्र जसंच्या तसं उचलून ठेवायचं आणि फक्त भुताची बुबुळं दाराकडे वळवायची. चित्र पुन्हा काढलं तर खांदा थोडा हलतो, खिडकीच्या पडद्याची घडी बदलते, आणि बदललेलं नेमकं काय हे वाचकाला कळत नाही. तंतोतंत तेच चित्र असलं की एकच बदल ठसतो.

‘कॉपी-पेस्ट केलंय’ हा आक्षेप म्हणूनच जपून घ्यावा. ‘डायनासोर कॉमिक्स’ हे इंग्रजी वेबकॉमिक २००३ पासून तीच ती चित्रं वापरून चाललं आहे, बदलतो तो फक्त मजकूर. ‘एक्सकेसीडी’ हे दुसरं, २००५ पासून काड्यांच्या माणसांवर उभं आहे. तिथे डोकं किती झुकलंय, दोन माणसांत अंतर किती, हे चोख असतं, म्हणून चेहरा नसूनही अडत नाही. कॉपी-पेस्ट दोष ठरतो तो मजकुरात काहीतरी घडलं आणि चित्राला त्याचा पत्ताच नाही, तेव्हा.

पलंगाचं काय? तो थेट चौथ्या चौकटीत उगवतो. पहिल्या चौकटीत फक्त मुंडकी दिसल्यामुळे खोलीत पलंग आहे, दार आहे, हे वाचकाला माहीतच नाही. मग शेवटच्या चौकटीत त्याला भूत, पलंग, दार आणि मालक एवढं सगळं एकदम समजून घ्यावं लागतं, आणि समजून घेण्यात गेलेला वेळ हसण्यातून वजा होतो. पहिली चौकट मोठी आणि रुंद हवी: डावीकडे पलंगावर बसलेला भाडेकरू, मधे भूत, उजवीकडे दार. पलंगाखाली थोडी मोकळी काळी जागा. ती मुद्दाम दाखवायची नाही, नुसती असू द्यायची. आणि दोघांमधून एक काल्पनिक रेघ जाते असं धरून कॅमेरा सगळ्या चौकटींत तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. दुसऱ्या चौकटीत बाजू बदलल्यामुळे भूत तिसऱ्या चौकटीत दाराकडे बघतंय की भिंतीकडे, याचा पत्ता लागत नाही.

भुताच्या शेवटच्या वाक्यातला शब्दक्रमही बघायचा. “मालकाला सांगू नकोस मी इथे आहे म्हणून” यात कळीचा शब्द सर्वांत आधी येऊन जातो आणि मागे लांबलचक शेपूट उरतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हसवणारा शब्द बरेचदा एक-दोन घरं आधीच खर्च होतो. पण बोलण्यात आपण क्रम सर्रास बदलतो. “मी इथे आहे हे सांगू नकोस… मालकाला.” शब्द जवळपास तेच, झटका शेवटी. क्रियापद गाळता येत असेल तर आणखी बरं.

अभिप्रायात मी इथेच थांबते. दारामागून नुसतं “भाडं!” आणि पलंगाखालून “मी इथे नाही,” एवढ्यावरही ही पट्टी चालेल, पण तो माझा जोक झाला. काय वगळायचं ते सांगावं. काय घालायचं ते विचारल्याशिवाय सांगू नये.

जपानी चार चौकटींच्या ‘योनकोमा’ची रचना इथे उपयोगी पडते: सुरुवात, वाढ, वळण आणि मग त्या वळणाचा परिणाम. चौथीत परिणाम येतो, स्पष्टीकरण नाही. नवशिके वळण तिसरीत घेतात आणि चौथीत काय करावं हे न सुचल्याने तेच वळण समजावून सांगतात.

टायमिंग हे बरंचसं मांडणीवर ठरतं. दोनावर दोन चौकटींचं चौकोनी चित्र नजरेला एकदमच दिसतं. त्यात चौथ्या चौकटीत सगळ्यात मोठी, लाल अक्षरं असली की डोळा आधी तिकडेच पळतो. तिथला रंग आणि आकार इतर चौकटींइतकाच शांत ठेवावा. एकेक चौकट सरकवत बघायची असेल तर बोटाने सरकवणं हाच थांबा होतो आणि मुक्या चौकटीचं वजन दुप्पट होतं. उभ्या स्क्रोलमध्ये चौकटींमधली मोकळी जागा म्हणजे वेळ. ८०० पिक्सेल रुंदीच्या पट्टीत साधारण १०० ते २०० पिक्सेल अंतर सलग संवादाला, ४०० ते ६०० थांबायला. सगळीकडे सारखंच अंतर ठेवलेली पट्टी एकसुरी वाटते आणि वाचक दोष देतो संवादांना. पंचची, म्हणजे हसवणारी, चौकट आधीच्या चौकटीबरोबर एकाच पडद्यावर दिसता कामा नये, हेही फोनवरच कळतं.

आता अक्षरं. देवनागरी कॉमिकमध्ये सगळ्यात जास्त नासाडी इथे होते आणि सगळ्यात कमी बोललं जातं तेही यावरच. हिशेब सोपा आहे. १६०० पिक्सेल रुंद चित्र फोनच्या साधारण ४०० एककांत (पडद्याच्या रुंदीचं माप) बसतं, म्हणजे चौथा हिस्सा. मूळ चित्रात ३२ पिक्सेलचं अक्षर तिथे ८ चं होतं, आणि ‘र्थ’, ‘द्ध’, ‘क्ष्म’ यांचा गोळा होतो. मूळ चित्रात किमान ५६ ते ६० ठेवावं. ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.३ ते १.५ पट, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत घुसतात. फुग्यात मधल्या ओळी लांब, वरची-खालची आखूड, आणि मजकुराभोवती निदान एका अक्षराएवढी मोकळी जागा. इंग्रजीत एका फुग्यात वीस-पंचवीस शब्द चालतात असं म्हणतात; मराठीत प्रत्यय लागून शब्द लांबतात, बारा-पंधरावर थांबावं. ‘कलाम’सारखा हाताच्या वळणाचा फॉन्ट संवादाला छान चालतो. ‘मोदक’ इतका जाड आहे की त्याच्या आतल्या जागा जवळजवळ मिटतात. तो ‘धडाम’ला द्यावा, वाक्याला नाही.

ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे आली असेल किंवा जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं दिसत असेल तर ती टायपिंगची चूक नसते. चित्राच्या प्रोग्रॅममध्ये भारतीय लिप्यांची जुळणी बंद असते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ हा पर्याय निवडल्यावर हे सुटतं. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये तशी सोय नसेल तर मजकूर बाहेर जुळवून चित्र म्हणून आणावा. फुग्याची शेपटी तोंडाच्या दिशेने हवी आणि निम्म्या वाटेवर थांबली तरी चालते. गुडघ्याकडे वळलेली शेपटी वाचकाला क्षणभर का होईना, अडखळवतेच.

चित्रकलेचा विषय मी इतक्या उशिरा काढते तो मुद्दाम. चित्र करडं करून १५० पिक्सेल रुंदीला आणायचं. आपल्या पट्टीत फिकट निळं भूत फिकट राखाडी भिंतीवर आहे. रंगात ते वेगळं दिसतं, करड्यात भिंतीत विरघळतं. भुताला जाड काळी रेघ मारून हे सुटत नाही. भिंत गडद करायची, रात्र आहेच. मग चित्र आडवं उलटायचं, आरशातल्यासारखं. एका बाजूला सरकलेले डोळे, कललेला जबडा लगेच दिसतो. काढणाऱ्याच्या डोळ्यांना त्याची सवय झालेली असते, उलटलेल्या चित्राची नसते.

रेघांबद्दल सगळ्यात उपयोगी सूचना झूमची असते. चौपट मोठं करून काढलेली रेघ सावकाश, मनगटातून येते आणि थरथरते. शिवाय त्या मापात काढलेले बारकावे वाचकापर्यंत पोहोचतच नाहीत. पूर्ण चौकट पडद्यावर ठेवून, खांद्यातून, एका झटक्यात रेघ मारावी. नाही जमली तर पुसून परत. १६०० पिक्सेलच्या चित्रात बाहेरची रेघ ८ ते १० पिक्सेल, आतली ५-६, मागच्या वस्तूंची ३ एवढा फरक ठेवला तरी खोली येते. दोन रेघा नुसत्या टेकतात तिथे नजर अडकते: पलंगाची कड भुताच्या डोक्याला टेकली की त्याने पलंग टोपीसारखा घातलाय असं दिसतं. एकतर स्पष्ट झाका किंवा स्पष्ट दूर करा. एअरब्रशची सावली सगळ्या कडांना सारखी फिरवली की पात्र फुगवलेलं दिसतं, कारण उजेड कुठून येतोय तेच ठरलेलं नसतं. ती काढून टाकून सपाट रंग ठेवला तरी चित्र सुधारतं, आणि वेळही वाचतो.

सगळी डोकी तीन-चतुर्थांश कोनात, डावीकडे वळलेली आणि सगळे हात खिशात, हे दिसलं की ‘हात शिका’ असं म्हणून भागत नाही. ज्या हाताला विनोदात काम आहे तो एक हात नीट काढायला सांगायचा. इथे तो पलंगाची चादर खाली ओढणारा भुताचा हात. बाकीचे राहू देत खिशात.

लिहिताना जागा नेमकी सांगायची: कितवा भाग, कितवी चौकट. मग काय घडलं, का घडलं, काय करून बघता येईल. “गोंधळ वाटतो” यापेक्षा “चौथ्या चौकटीत मी भाडेकरूचा फुगा आधी वाचला” हे लिहावं, कारण त्यावर वाद घालता येत नाही. एका अभिप्रायात तीन मुद्दे. या पट्टीसाठी माझे तीन: चौथ्या चौकटीतला शेवटचा फुगा काढून टाकणं, पहिली चौकट रुंद करणं, अक्षरं मोठी करणं. भिंतीचा रंग, रेघ, हात हे पुढच्या खेपेला. पंधरा मुद्दे दिले तर सोपे सुधारले जातात आणि मोठे तसेच राहतात. कौतुकही नेमकं असावं; “दाराच्या टकटकीचा आवाज घेण्याची कल्पना पक्की आहे, ती ठेवा” यातून निदान काय मोडायचं नाही ते कळतं. चित्रावर रेघा मारून दाखवायच्या असतील तर आधी परवानगी, वेगळा लेयर (थर) आणि एकच चौकट. पूर्ण पट्टी पुन्हा काढून दिली की समोरचा ती बघतो, मान डोलावतो आणि स्वतः काही बदलत नाही.

“ती माझी स्टाइल आहे” हे उत्तर हमखास येतं आणि कधीकधी ते खरंही असतं. कसोटी सातत्याची. भुताला प्रत्येक चौकटीत चार बोटं असतील तर स्टाइल. दुसरीत चार आणि चौथीत पाच असतील तर चूक. दुसरं हमखास उत्तर म्हणजे खुलासा: “अहो, तो मालक आहे, मागच्या भागात आला होता.” खुलासा शांतपणे ऐकून घ्यायचा, कारण चौकटीत नेमकं काय राहून गेलंय ते त्यातूनच कळतं. मग दारामागून येणाऱ्या एका शब्दात तो मालक आणता येतो का, ते विचारायचं.

जुनी पट्टी दुरुस्त करायला मी सांगत नाही. पुढचे चार-पाच भाग आले की फोनवर तसेच एका दमात वाचते आणि फक्त ते तीन मुद्दे बघते. शेवटचे फुगे सहसा पुढच्याच भागात गळतात, अक्षरं मोठी व्हायला दोन-तीन भाग जातात. रुंद पहिली चौकट सगळ्यात उशिरा येते, कारण तिच्यात खोली काढावी लागते.